कोठडीत न सापडलेला फोन

बांधकाममंत्र्यांना अटक झाली त्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा एक काम वेळेत पूर्ण केलं. भिंतीवरचा साहेबांचा फोटो उतरवला. खिळा मात्र राहू दिला. नवे साहेब कोण ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी येणार आणि त्यांचाही फोटो असणार, याबद्दल दुमत नव्हतं.

फोटोखाली टेबल होतं आणि टेबलामागे साहेबांचा पीए बसला होता. त्याला उतरवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

तशी त्या सरकारला गळती आधीच लागली होती. पाणीपुरवठामंत्री गेले ते कारंज्यांमुळे. शहरभर नळ कोरडे असताना त्यांच्या बंगल्यावर ती उडत होती, आणि तीही रंगीत. क्रीडामंत्र्यांनी प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला आणि तपास पथक दारात येताच मागच्या भिंतीवरून अशी उडी मारली की पथकातल्या एका माजी खेळाडूने नकळत टाळ्या वाजवल्या. बांधकाममंत्र्यांना नडला तो पूल. लवकर व्हावा म्हणून तो दोन्ही काठांकडून एकदमच बांधायला घेतला होता. दोन्ही अर्धे नदीच्या मधोमध आले आणि ओळख नसल्यासारखे एकमेकांच्या शेजारून पुढे निघून गेले. साहेबांनी उद्घाटन दोनदा केलं, एकेका काठावरून. मग कंत्राटदार पकडला गेला आणि त्याने आपल्या फोनमधलं रेकॉर्डिंग तपास अधिकारी बाईंसमोर ठेवलं. साहेबांचा आवाज त्यात अगदी स्वच्छ होता.

“हं. पुलाचं आम्ही बघितलं. आता आमचं तुम्ही बघा.”

आवाज साहेबांचा होता. बोलला होता पीए.

त्याचं असं झालं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी साहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली. नेमका तेव्हाच मुख्यमंत्र्यांचा फोन. साहेब घामाघूम, हातवारे करताहेत. पलीकडे मुख्यमंत्री ‘हॅलो, हॅलो’ करताहेत. पीएने फोन उचलला आणि काय होतंय ते कळायच्या आत त्याच्या तोंडून साहेब बाहेर पडले. तोच खर्ज, वाक्याच्या आधी तेच ‘हं’. मुख्यमंत्र्यांनी घसा सुधारल्याबद्दल अभिनंदन केलं. घसा खरोखरचा सुधारला तेव्हाही साहेबांनी तो फोनसाठी पुन्हा कधी वापरला नाही. ते समोर बसून नुसता अंगठा हलवायचे. अंगठा वर, म्हणजे होकार. खाली, म्हणजे नकार. आणि अंगठा तर्जनीवर घासला, म्हणजे ते पुलाचं वाक्य.

संध्याकाळी बंगल्यावर फोन करणं हेही ओघाने त्याच्याकडेच आलं. सुरुवातीला वाक्य एवढंच होतं: “आज उशीर होईल, जेवून घे.” साहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनीसाहेब, ‘बरं’ म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. पण एकदा त्यांनी मधेच विचारलं, “अहो, शब्दकोड्यात अडलेय. चार अक्षरी, ज्याला आसरा नाही असा.”

“निराश्रित,” पीएच्या तोंडून निघून गेलं. अर्थात साहेबांच्या आवाजात.

“बसलं!” वहिनीसाहेब ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाच्या खणात, निविदांच्या खाली, एक जाडजूड शब्दकोश आणून ठेवला. आडव्या-उभ्या शब्दांवरून गोष्ट गुडघ्यावर गेली, गुडघ्यावरून धाकट्या बहिणीच्या सासूवर, तिथून खिडकीत येणाऱ्या मांजरावर. ते मांजर साहेब घरी असले की फिरकायचं नाही. वहिनीसाहेबांना एक कोडं मात्र कधी सुटलं नाही.

“फोनवर किती छान बोलता हो तुम्ही,” त्या म्हणायच्या. “आणि घरी आलात की तोंडात गुळणी धरल्यासारखे. काल मी मांजराचं विचारलं तर म्हणालात, कुठलं मांजर?”

“दमलेला असतो गं,” पीए म्हणायचा. साहेबांच्या वतीने त्याला जरा शरमल्यासारखं व्हायचं.

पीएला स्वतःचं असं कोणी नव्हतं. लग्नाचं एकदा जमत आलं होतं; पण मुलीकडच्यांचा फोन आला तेव्हा सवयीने साहेबांचा आवाज लागला आणि त्या लोकांना मुलगा फार थोराड वाटला. त्याचा स्वतःचा आवाज वापराअभावी अगदी बारीक होऊन गेला होता, जुनी खाट करकरावी तसा. ‘एक तिकीट द्या’, ‘एक पाव द्या’, एवढीच त्याची कामं उरली होती. सुटीच्या दिवशी तेही नाही. बंगल्यावर फाइल घेऊन जायचा तेव्हा तर तो तोंड उघडायचाच नाही, न जाणो चुकीचा आवाज लागला तर! मान हलवूनच सगळं भागवायचा. त्यामुळे वहिनीसाहेबांची पक्की समजूत झाली होती की पीए मुका आहे आणि साहेबांनी त्याला दयेपोटी ठेवलाय.

“त्या बिचाऱ्या मुक्याला एखादा स्वेटर द्या हो,” एकदा त्या फोनवर म्हणाल्या. “थंडीने नुसता काकडत होता दारात.”

“देतो गं,” पीए म्हणाला. संध्याकाळी बाजारात जाऊन त्याने स्वतःला स्वेटर घेतला आणि पुढच्या वेळी मुद्दाम घालून बंगल्यावर गेला. वहिनीसाहेबांनी दुरून बघून मान डोलावली. तो रंग त्याला अजिबात शोभत नव्हता, पण त्याने तो स्वेटर विरेपर्यंत वापरला.

अटकेनंतर साहेबांनी तपास अधिकारी बाईंना पहिल्या झटक्यात खरं सांगून टाकलं. “बोललो मी नाही. माझा पीए बोलला.”

“हो, हो,” बाई म्हणाल्या. “पाणीपुरवठ्याची कारंजीही त्यांच्या पीएनेच लावली होती. क्रीडामंत्री उडी मारताना हवेतच ओरडले, पीए, पीए म्हणून.” तरी नियम म्हणून त्यांनी पीएला बोलावून समोर बसवलं. “हं, बोला काहीतरी.”

“काय बोलू?” पीएने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या आवाजाला शिपायाने पाणीही आणून दिलं नसतं. “जा तुम्ही,” त्या म्हणाल्या.

तो जाऊन आपल्या टेबलामागे बसला. टेबलावरचे सगळे फोन पुरावा म्हणून नेले होते. पलीकडच्या खोलीत माणसं कुजबुजत होती. तो आत गेला की कुजबुज थांबायची आणि सगळे एकदम हवापाण्याचं बोलायला लागायचे. काल-परवापर्यंत साहेबांची वेळ मिळावी म्हणून त्याला दारापर्यंत सोडायला येणारे लोक आता जिन्यात भेटले की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. बिननाडीचे बूट घालणारेही वाकायचे. फक्त साहेबांचा ड्रायव्हर तेवढा येऊन टेबलाच्या कडेला टेकायचा.

“काय धाकटे साहेब, काय चाललंय?”

“काही नाही.”

“माझंही तेच. गाडी रोज धुतोय, बसायला कोणी नाही.”

अटकेच्या पहिल्याच संध्याकाळी पीए आपल्या खोलीवर खाटेवर बसला होता. फोनची वेळ झाली. आजवर ही वेळ कधी चुकली नव्हती, आणि कधी चुकली नव्हती अशी त्याच्या आयुष्यात दुसरी गोष्ट नव्हती. खिशात एक जुना मोबाइल होता. तो फक्त बंगल्यावर लावण्यासाठी ठेवलेला असल्यामुळे तपास पथकाला त्याचा पत्ताच नव्हता. वहिनीसाहेब एकट्या असतील, त्याने मनात म्हटलं. खरं म्हणजे त्याला म्हणायचं होतं की मी एकटा आहे, पण तसं म्हणायची सवय नव्हती. त्याने नंबर लावला.

“अगं, मी बोलतोय.”

“अहो!” वहिनीसाहेबांचा आवाज भरून आला. “तिथे फोन करू देतात?”

“हं. मंत्री होतो गं मी.”

“कशी आहे कोठडी?”

कोठडी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने आजूबाजूला नजर टाकली. “एक खाट आहे,” तो म्हणाला. “एक खिडकी आहे. खिडकीसमोर भिंत आहे. कोणी येत-जात नाही.”

वहिनीसाहेब रडायला लागल्या. आपल्या खोलीसाठी आजवर कोणी रडलं नव्हतं. पीएला कसंनुसं झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

मग तो रोज फोन करू लागला. पूर्वी ‘उशीर होईल’ हे तरी सांगायचं असायचं, आता नुसतंच बोलायचं. वहिनीसाहेब कोठडीत भेटायला जायच्या तेव्हा साहेब घरच्यासारखेच गुळणी धरून बसायचे, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. वहिनीसाहेबांकडेही कोणी येईनासं झालं होतं. बंगल्याच्या ज्या दारात पूर्वी उभं राहायला जागा मिळत नसे तिथे आता एकच वार्ताहर उभा असायचा, तोही सावली होती म्हणून. एका दुपारी त्याने सहज विचारलं, “साहेबांची तब्येत कशी आहे?”

“उत्तम,” वहिनीसाहेब मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. “रोज फोन येतो ना त्यांचा.”

दुसऱ्या दिवशी आकाश कोसळलं. कोठडीत फोन! विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. शोधाशोध सुरू झाली. साहेबांची खाट सुटी करून पाहिली, फरशी उखडली, पावाचे तुकडे करून पाहिले, साहेबांच्या पोटाचा एक्सरे काढला. फोन मिळाला नाही. तो मिळत नव्हता यावरूनच प्रकरण किती वरपर्यंत गेलंय हे सिद्ध झालं. साहेब जीव तोडून सांगत होते, “अहो, माझ्याकडे फोन नाही!” ते खरं बोलत होते, पण सवय नसल्यामुळे त्यांना ते नीट जमत नव्हतं. नंबर तपासला तर तो साहेबांच्याच नावावर निघाला. फोन कुठून होतो ते पाहिलं, तर तुरुंगाच्या आसपासचा टॉवर. पीएची खोली तुरुंगाच्या मागच्या गल्लीत होती. भिंतीचीच सोबत म्हणून भाडं कमी होतं.

साहेबांना आणखी आतल्या कोठडीत हलवलं, भेटी बंद केल्या. संध्याकाळी फोन वेळेवर आला.

मग गृहमंत्री गेले. त्यांच्या कारकिर्दीत या एकाच बाबतीत ते निर्दोष होते आणि नेमके यातच गेले. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की मला अजून काही समजलेलं नाही, आणि लोकांना ते लगेच पटलं.

पीएने ही बातमी पावाच्या दुकानात रांगेत उभ्या उभ्या ऐकली. आपण मांजराबद्दल बोललो म्हणून एक गृहमंत्री गेला, हे त्याला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. आजूबाजूला पाहिलं. मग त्याने एक पाव घेतला आणि तो घरी आला.

थांबायला हवं, हे त्याला कळत होतं. रोज तो ठरवायचा, आज शेवटचा. आणि रोज वहिनीसाहेब काहीतरी अर्धवट सोडायच्या, बहिणीच्या सासूचं किंवा एखादा उभा शब्द, की तेवढ्यासाठी उद्याचा फोन करावाच लागे.

अशातच ड्रायव्हर टेबलाशी आला. या वेळी टेकला नाही.

“धाकटे साहेब, ऐकलंत? उद्या वहिनीसाहेबांना उचलणार.”

“का?”

“का म्हणजे? साहेबांना भेटायला एकट्या त्याच जायच्या. फोन त्यांनीच आत पोचवला म्हणतात. वरून मुख्यमंत्र्यांचा हुकूम आहे. आता त्यांना स्वतःची खुर्ची वाचवायचीय ना.” ड्रायव्हरने मान हलवली. “काय बाई आहे हो! मुंगीला वाट देणारी.”

पीए त्या दिवशी कचेरी सुटायची वाट न बघता खोलीवर आला. मोबाइल घेतला. ठरवलं की आधी त्यांना सांगायचं, आपल्या तोंडाने, आपल्या आवाजात. दोन-तीनदा खाकरून त्याने तो आवाज शोधून काढला.

“हॅलो. वहिनीसाहेब, मी साहेबांचा पीए बोलतोय.”

“तो मुका आहे,” वहिनीसाहेब कडक आवाजात म्हणाल्या. “बिचाऱ्याची चेष्टा करायला लाज नाही वाटत?” आणि फोन आपटला.

पीए उठून तपास अधिकारी बाईंकडे गेला.

“फोन मी करतो,” तो म्हणाला. “कंत्राटदाराशीही मीच बोललो होतो.”

“तुम्ही?” बाईंनी चष्मा काढला. “हे बघा, तुमची स्वामिनिष्ठा मला कळतेय, पण मला घरी जायचंय.”

“हं,” पीए म्हणाला, साहेबांच्या आवाजात. “बसा. मी जा म्हटल्याशिवाय कोणी जायचं नाही.”

दाराजवळचे दोन हवालदार खाडकन उभे राहिले. त्यातल्या एकाने सलामही ठोकला आणि मग हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. बाई अर्ध्या उठलेल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. मग आपण का बसलो म्हणून चिडल्या.

“हे मला पटलं,” त्या म्हणाल्या, “पण लेखी कसं पटवू? लावा फोन. स्पीकरवर.”

फोन लागला. “अगं, मी बोलतोय.”

“अहो, आत्ताच एक मेला खोटा फोन आला होता. तुमच्या त्या मुक्याचं नाव सांगत होता. मी चांगलाच झापला.”

“बरं केलंस.”

वहिनीसाहेब सांगत सुटल्या. मांजराला पिल्लं झाली होती. गुडघा आज जरा बरा होता. उद्या काही लोक येणार आहेत म्हणे चौकशीला, तर त्यांच्यासाठी चहा टाकावा की नाही, तसा प्रघात असतो का? पीए प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होता, आणि बाईंच्या लक्षात आलं की हा माणूस घाई करत नाहीये. त्यांनी एकदा हात पुढे केला, मागे घेतला. पिल्लांचं सांगून संपल्यावर मात्र त्यांनी मोबाइल उचलला.

“वहिनी, मी तपास अधिकारी बोलतेय. हे तुमचे मिस्टर नाहीत. पीए आहे.”

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू.

पीएला आत घातलं. साहेब जामिनावर सुटले, कारण रेकॉर्डिंगमधला आवाज त्यांचा राहिला नव्हता आणि अंगठ्याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. मंत्रिपद गेलं ते गेलंच. गृहमंत्र्यांनाही परत घेता आलं नाही. फोन शोधता शोधता त्यांच्या बंगल्यामागे सरकारी पैशांनी बांधलेला एक अख्खा दुसरा बंगला सापडला होता. पुढे मुख्यमंत्रीही गेले, पण तोवर लोकांचं लक्ष उडालं होतं.

कोठडी पीएला नवी वाटली नाही. एक खाट, एक खिडकी, समोर भिंत. फक्त आता तो तिच्या दुसऱ्या बाजूला होता. संध्याकाळ झाली की हात आपोआप खिशाकडे जायचा. बाकीचे कैदी साहेबांच्या आवाजात काहीतरी बोलून दाखव म्हणून मागे लागायचे. तो मान हलवायचा. काही दिवसांनी तिथेही त्याला मुका म्हणू लागले.

आणि मग एक दिवस पहारेकऱ्याने सांगितलं, भेटायला कोणी आलंय.

भेटीच्या खोलीत मधे जाड काच होती आणि दोन्ही बाजूंना एकेक रिसीव्हर. पलीकडे वहिनीसाहेब बसल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर उचलला. त्यानेही उचलला.

“मी चिडलेय,” वहिनीसाहेब म्हणाल्या. “आधीच सांगते, मागाहून गैरसमज नको.”

त्याने मान हलवली.

“मान हलवू नका. बोलता येतं तुम्हाला.”

“हो.”

“लोक विचारतात, बाईला कळलं कसं नाही. नाही कळलं. घरातला माणूस आणि फोनवरचा माणूस वेगळा असतो, मला वाटायचं सगळ्यांकडेच तसं असेल.”

“साहेब बरे आहेत?”

“टीव्ही बघतात. स्वतःच्या बातम्या, आवाज बंद करून. मी काही विचारलं की अंगठा दाखवतात.”

वहिनीसाहेब त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कान, हनुवटी, विरळ केस. परक्या घरात चुकून शिरल्यासारखी त्यांची नजर झाली. त्याने खाली पाहिलं. एवढ्या वर्षांत बोलण्यासारखं जे काही होतं ते सगळं बोलून झालं होतं, आणि या दोन माणसांमध्ये अजून काहीच बोलणं झालेलं नव्हतं.

“हे काही जमायचं नाही,” वहिनीसाहेब शेवटी म्हणाल्या. “तुमच्याकडे बघून मला बोलताच येत नाही. तुम्ही तिकडे तोंड करा बघू. मी इकडे करते.”

दोघांनी खुर्च्या फिरवल्या. काचेच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून, कानाला रिसीव्हर लावून बसले. पहारेकऱ्याला वाटलं, चांगलंच वाजलेलं दिसतंय. शहाणा माणूस होता. तो दुसरीकडे बघू लागला.

“अगं,” पीए म्हणाला.

“तो नको,” वहिनीसाहेब चटकन म्हणाल्या. “तो घरी बसलाय.”

पीएने घसा खाकरला. “माझा फार बारीक आहे.”

“असू दे. मोठ्याने बोला म्हणजे झालं.” त्या थांबल्या. “आज दिवसभर काय केलंत?”

हा प्रश्न इतकी वर्षं तोच विचारत आला होता. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे कुठून सुरुवात करतात ते त्याला माहीत नव्हतं.

“सकाळी उठलो,” तो म्हणाला, आणि पुढे काय झालं होतं ते आठवू लागला.

“मग?” पलीकडून आवाज आला.